यकृतातील छुपी गाठ आणि प्रत्यारोपित मूत्रपिंडातील मूक दाह : निदानाची पार्श्वभूमी

निपाणी, खानापूर, अथणी या भागांतला मराठी रुग्ण मिरज, कोल्हापूर किंवा बेळगावची वाट धरत आला आहे. मिरजेत विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले, बेळगावात १९६३ मध्ये जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरीही आपल्याकडे दवाखान्याची पायरी चढली जाते ती बहुधा काही दुखू लागल्यावरच. यकृतातली कर्करोगाची गाठ आणि शरीराने परके मूत्रपिंड नाकारल्याने त्यात होणारा दाह या दोन्ही बाबतींत ही सवय घातक ठरते. यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही, ती कळते त्याच्या आवरणाला. आणि प्रत्यारोपणासाठी मूत्रपिंड काढताना त्याचे चेतातंतू कापले जातात, त्यामुळे तिथूनही इशारा येत नाही.

यकृताच्या बाबतीत पहिला मोठा दुवा रक्तातून मिळाला. १९६३ मध्ये गारी अबेलेव यांना यकृताचा कर्करोग झालेल्या उंदरांच्या रक्तात एरवी गर्भावस्थेतच दिसणारे एक प्रथिन आढळले आणि पुढच्याच वर्षी युरी तातारिनोव यांनी ते रुग्णांच्या रक्तातही दाखवले. हेच अल्फा-फीटोप्रोटीन, पण अनेक लहान गाठींमध्ये ते वाढतच नाही. बारूक ब्लूमबर्ग यांच्या १९६५ च्या शोधातून या कर्करोगाचा धोका वाढवणारा हिपॅटायटिस बी हा विषाणूसंसर्ग ओळखता येऊ लागला आणि नेमके कोणाच्या यकृतावर लक्ष ठेवायचे हे ठरवणे सोपे झाले. शांघायमध्ये हा संसर्ग असलेल्या लोकांची दर सहा महिन्यांनी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करण्यात आली, तेव्हा सर्वजण नियमित येत नसतानाही या कर्करोगाचे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. संशयित गाठ आढळल्यास पुढे सीटी स्कॅन केला जातो. निरोगी यकृताला बहुतांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळते, तर कर्करोगाची गाठ मुख्यतः धमनीवर पोसते. म्हणून रंगद्रव्य टोचल्यावर ती आधी उजळते आणि नंतर फिकी पडते. सिरोसिस, म्हणजे यकृत कायमचे निबर होण्याचा आजार, असलेल्या रुग्णात ही खूण स्पष्ट असेल, तर सुईने गाठीचा तुकडा न काढताही निदान करता येते.

मूत्रपिंडाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. बोस्टनमध्ये १९५४ साली जोसेफ मरे यांनी केलेले प्रत्यारोपण टिकले ते दाता आणि रुग्ण एकसारखे जुळे भाऊ असल्यामुळे. भारतात वेल्लोरला १९७१ मध्ये यशस्वी प्रत्यारोपण झाले. नवे मूत्रपिंड ठीक आहे की नाही हे प्रामुख्याने क्रिएटिनिन या रक्तातल्या टाकाऊ द्रव्याच्या प्रमाणावरून ठरवले जाई, आणि तो आकडा बरेच नुकसान झाल्यावरच वर सरकतो. सुईने मूत्रपिंडाचा तुकडा घेण्याची पद्धत, म्हणजे बायोप्सी, इव्हर्सन आणि ब्रून यांनी १९५१ मध्ये मांडली होती, तर तो तुकडा वाचण्याचे समान निकष कॅनडातील बॅन्फ येथे १९९१ च्या बैठकीत आकाराला आले. त्यानंतर विनिपेगमध्ये डेव्हिड रश यांच्या चमूने क्रिएटिनिन स्थिर असलेल्या रुग्णांचीही ठरावीक मुदतीने बायोप्सी केली, आणि वरवर निरोगी वाटणाऱ्या मूत्रपिंडांत दाह सापडला. त्यावर वेळीच स्टिरॉइड दिल्याने मूत्रपिंडाचे कार्य अधिक चांगले राहिल्याचे त्यांनी १९९८ मध्ये दाखवले. टॅक्रोलिमससारखी, प्रतिकारशक्ती दाबणारी प्रभावी औषधे आल्यावर असा दाह कमी झाला आणि सरसकट बायोप्सीचा लाभ तितका ठळक उरला नाही, हेही नोंदवायलाच हवे.

अथणीच्या रुग्णाला बायोप्सीसाठी प्रवास, रुग्णालयातला मुक्काम आणि बुडालेली मजुरी हे सारे सोसावे लागते, म्हणून लघवी किंवा रक्ताच्या नमुन्यावरून दाह ओळखण्याचे प्रयत्न मला विशेष मोलाचे वाटतात. नव्या मूत्रपिंडावर हल्ला करणाऱ्या प्रतिकारपेशींतील ग्रॅन्झाइम बी आणि परफोरिन या प्रथिनांचे संदेशवाहक आरएनए लघवीत मोजून अवयव नाकारला जात असल्याचे ओळखता येते, असे २००१ मध्ये दिसून आले. पुढे दात्याच्या डीएनएचे रक्तात तरंगणारे अंश मोजण्याची चाचणी आली. ती मूत्रपिंडाला इजा होत असल्याचे सांगते, परंतु त्या इजेचे कारण ठरवण्यासाठी बायोप्सीच करावी लागते.