फ्री मोशन क्विल्टिंग : १९८९चे बक्षीस आणि ‘मशीन’ या शब्दाचा गुंता

शिलाई मशीनमध्ये कापड आपोआप पुढे सरकवणाऱ्या दात्यांचे पेटंट अमेरिकेत १८५४ साली घेतले गेले. फ्री मोशन क्विल्टिंगमध्ये, म्हणजे क्विल्टवर (थरांच्या गोधडीसारख्या पांघरुणावर) कापड हातांनी हवे तसे फिरवत मशीनची शिलाई घालताना, नेमके तेच दाते खाली पाडायचे किंवा झाकायचे असतात. ही युक्ती भरतकामातून आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पायमशीनवर फूट (सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग) काढून, कापड रिंगमध्ये ताणून नक्षी भरली जात होती. आपल्याकडे मशीन एम्ब्रॉयडरीच्या क्लासला गेलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. मशीनवरचे रफूही असेच होते, त्यामुळे या कामाच्या फूटला अजून रफूचाच फूट म्हणतात.

सुरुवातीच्या काळात अमेरिकेत मशीनच्या टाक्याची कुणाला लाज नव्हती. मशीन महाग होते, आणि ज्या घरात ते आले तिथे त्याची शिलाई क्विल्टवर मुद्दाम दिसेल अशी घातली जाई. नजर बदलली ती खूप पुढे. १९७१ साली न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयाने जुनी क्विल्ट चित्रांसारखी भिंतीवर टांगली, १९७६ साली देशाच्या द्विशताब्दीने आजीच्या वस्तूंची ओढ वाढवली, आणि हाताचा टाका हाच खरा टाका असे मानले जाऊ लागले. हाताच्या धावदोऱ्यात टाका आणि मोकळी जागा आलटून पालटून येतात, आपल्या गोधडीवर येतात तशा. मशीनची ओळ सलग, जरा कडक. म्हणून ऐंशीच्या दशकात घरच्या मशीनवर क्विल्टिंग शिकवले जाऊ लागले तेव्हा वरून केसासारखा बारीक पारदर्शक नायलॉनचा दोरा लावत. टाका दिसू नये आणि त्याने कापडात पडलेला खळगा तेवढा उठून दिसावा, हा हेतू.

अशा वातावरणात १९८९ साली केंटकी राज्यातल्या पडुका गावच्या वार्षिक प्रदर्शनात सर्वोत्तम क्विल्टचा मान सूर्यग्रहणाच्या कल्पनेवरच्या एका क्विल्टला मिळाला. ते मशीनवर क्विल्ट केलेले होते, आणि तिथे हा मान मिळवणारे अशा प्रकारचे ते पहिलेच. खूप जणी नाराज झाल्या. ज्यांनी एकेका क्विल्टवर वर्ष-दोन वर्षे सुई चालवली, त्यांना आपल्या श्रमाचे मोल घटल्यासारखे वाटले, आणि ते दुःख खोटे नव्हते. तरीही परीक्षकांचा निर्णय मला योग्यच वाटतो. दाते पाडल्यावर मशीन फक्त सुई वरखाली करते. टाक्याची लांबी, वळण, वेग हे सगळे दोन्ही हातांनी कापड किती आणि कसे सरकवले यावर ठरते. पायाचा वेग आणि हाताची गती जुळली नाही की टाके लगेच लांब-आखूड होतात. याला ‘मशीनने केलेले’ म्हणणे कमी पडते.

पुढे ‘मशीन क्विल्टिंग’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळी कामे गोळा झाली: दाते वर ठेवून मारलेल्या सरळ ओळी, घरच्या मशीनवरचे फ्री मोशन, आणि लाँगआर्म. लाँगआर्ममध्ये क्विल्ट चौकटीवर ताणलेले असते आणि मशीनच रुळांवरून फिरते. घरी याच्या उलट, मशीन जागचे हलत नाही. गंमत अशी, की लाँगआर्मवालेही हाताने मशीन फिरवले की त्याला फ्री मोशनच म्हणतात, संगणकाने फिरवले तर नाही. म्हणजे ‘फ्री’ हे विशेषण एकीकडे दात्यांपासूनची सुटका सांगते, दुसरीकडे संगणकापासूनची. पडुकाच्या प्रदर्शनात पुढे ‘स्थिर मशीन’ आणि ‘हलते मशीन’ असे वेगळे गट आले. मला ही वाटणी सर्वांत स्वच्छ वाटते, कारण हलते काय, एवढेच ती विचारते.

२०००नंतर टाक्याची लांबी सेन्सरने सारखी राखणारे फूट घरच्या मशीनांनाही मिळू लागले, आणि ‘हाताचे कसब किती’ हा जुना प्रश्न नव्या रूपात परतला. पारदर्शक दोरा मागे पडून रंगीत, जाड, चमकदार दोरे आले. टाका पुन्हा दिसू लागला. साध्या घरगुती मशीनच्या सुईच्या उजवीकडे मात्र सहा-सात इंचच जागा मिळते, आणि नव्वद इंची क्विल्ट तिथूनच गुंडाळी करून, खांद्यावर टाकून, थोडे थोडे आत सरकवावे लागते.