भाकरी गिळते, पाण्याचा ठसका लागतो

पाणी पिताना ठसका लागला की घरातली मोठी माणसे ‘वर बघ, वर बघ’ म्हणत पाठीवर थोपटतात आणि विषय तिथेच संपतो. परंतु ज्याला भाकरी बिनघोर गिळता येते, पाण्याच्या किंवा ताकाच्या घोटाला मात्र लहानपणापासून हटकून ठसका लागतो आणि ज्याला वरचेवर न्यूमोनिया होतो, त्याच्या श्वासनलिकेत व अन्ननलिकेत एखादी चोरवाट जन्मतःच राहून गेलेली असू शकते.

गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास या दोन्ही नळ्या एकाच नळीतून वेगळ्या होऊ लागतात. ही फारकत बिघडण्याचे प्रमाण साधारण ३,००० ते ४,५०० जन्मांमागे एक असे आहे. अशा बहुतेक बाळांची अन्ननलिकाच मध्ये तुटलेली असल्याने निदान पहिल्या एक-दोन दिवसांतच होते. सुमारे चार-पाच टक्के बाळांत मात्र दोन्ही नळ्या अखंड असतात आणि त्यांच्यामध्ये एक बारीक जोडमार्ग, म्हणजे फिस्टुला, असतो. त्याला ‘एच’ प्रकार म्हणतात. वास्तविक ‘एन’ हे अक्षर अधिक शोभले असते, कारण हा मार्ग अन्ननलिकेकडून श्वासनलिकेकडे तिरका वर चढतो.

हा चढच रुग्णाला वर्षानुवर्षे सांभाळून घेतो. घास त्या जोडमार्गाच्या तोंडावरून खाली निघून जातो. पातळ पदार्थ तेवढा वर शिरतो, तोही दर वेळी नाही, कारण अस्तराची घडी कधीकधी पडद्यासारखी ते तोंड झाकते. रुग्णही नकळत लहान घोट घेण्याची सवय लावून घेतो. आपल्याकडे जुना खोकला म्हटला की संशय आधी क्षयावर जातो, आणि तो गैर नाही. क्षयानेही असा फिस्टुला होऊ शकतो. म्हणूनच ‘पाणी पिताना काय होते?’ हा साधा प्रश्न मला कित्येक तपासण्यांहून मोलाचा वाटतो.

बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत ही वाट निसटू शकते. तेव्हा श्वासनलिकेत दुर्बीण घालून अन्ननलिकेत मिथिलिन ब्लू हा निळा रंग सोडतात. गुलाबी अस्तरावर निळा ठिपका उमटला की जागा सापडली. शस्त्रक्रियेत जोडमार्ग कापून दोन्ही तोंडे शिवतात आणि वाट पुन्हा जुळू नये म्हणून मध्ये बहुधा जवळच्या स्नायूची पट्टी घालतात. मानेतून शस्त्रक्रिया करताना स्वरयंत्राची नस अगदी लगत असते. तिला धक्का लागला तर खोकला थांबूनही आवाज बसू शकतो.