स्टेरॉइडच्या आधीचा रिपोर्ट

निपाणी, चिकोडी, खानापूर भागातला दम्याचा पेशंट बेळगावला किंवा मिरजेला दाखवायला जातो, तोवर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या बहुधा सुरू झालेल्या असतात. धाप ओसरलेली असते आणि रक्तातले इओसिनोफिल (ॲलर्जीत आणि जंतांच्या आजारात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) हेही काही तासांतच खाली आलेले असतात. मेपोलिझुमॅबसारखं बायोलॉजिक (शरीरातला एखादा नेमका निरोप अडवणारं) इंजेक्शन कुणाला लागू पडेल हे त्याच पेशींवरून ठरतं, म्हणून पुढची वाट इथेच अडते.

ते कुणाला लागू पडतं हे कळायला नऊ वर्षं गेली. अस्थिमज्जेत इओसिनोफिल वाढवणारा आणि जगवणारा निरोप म्हणजे इंटरल्यूकिन-५. मेपोलिझुमॅब तो अडवतं. २००० साली सौम्य दम्यावर चाचणी झाली तेव्हा पेशी घटल्या, पण श्वासनलिका होती तशीच आवळत राहिली. २००९ मध्ये दोन अभ्यासांनी थुंकीत इओसिनोफिल सापडणारेच पेशंट घेतले. अटॅक कमी झाले आणि एका अभ्यासात गोळ्याही उतरवता आल्या. औषध तेच होतं, माणसं नीट निवडली होती. २०१४ च्या अभ्यासात गोळीच्या डोसातली मध्यक घट ५० टक्के होती. २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली: दर ४ आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम, त्वचेखाली. चर्ग आणि स्ट्रॉस यांनी १९५१ मध्ये वर्णन केलेल्या रक्तवाहिन्यांच्या आजारासाठी २०१७ पासून ३०० मिलिग्रॅम. जुनाट इओसिनोफिलिक न्यूमोनियात (फुफ्फुसात इओसिनोफिल साठतात तो आजार) मात्र पहिलं औषध अजून स्टेरॉइडच.

म्हणून पहिल्या गोळीआधीच सीबीसी ही रक्तपेशींची तपासणी करून घ्यावी आणि त्यातला इओसिनोफिलचा ॲबसोल्यूट काउंट (एका मायक्रोलिटर रक्तातली त्यांची संख्या) जपून ठेवावा. चाचण्यांमधला निकष होता गोळ्या चालू असताना १५० किंवा मागच्या वर्षभरात कधीतरी ३००. जुना कागद हरवला की ३०० चा पुरावाच जातो.

पण आकडा वाढला की दमाच, असंही नाही. वाइनगार्टन यांनी १९४३ मध्ये भारतातल्या पेशंटवरून ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ मांडला. त्याचं मूळ पुढे फायलेरियात, म्हणजे हत्तीरोगाच्या जंतांत, सापडलं. त्यावर डायइथाइलकार्बामाझिन साधारण ३ आठवडे देतात. अनवाणी शेतात राबणाऱ्यांत स्ट्रॉन्जिलॉइडिस जंतही तपासावा. तो पोटात असताना स्टेरॉइड दिलं तर अळ्या अंगभर पसरतात, जीवही जातो.

इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं. बर्फाला टेकून गोठलं तर टाकून द्यावं लागतं. ते लागू पडलं म्हणून गोळी एकदम सोडू नये, कारण गोळ्यांमुळे मंदावलेल्या ॲड्रिनल ग्रंथी (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या) लगेच जाग्या होत नाहीत. चक्कर, उलट्या, रक्तदाब घसरणं सुरू होतं. ५ मिलिग्रॅमच्या खाली उतरताना सकाळी ८ च्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे तेच स्वतःचं स्टेरॉइड, तपासतात. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची.