चौघांत एक गेम: वर्गणीचा हिशेब कुठे चुकतो

बडोद्याच्या दांडिया बाजारात सेव-उसळीच्या बशीवर ठरलेला बेत: चौघांनी वर्गणी काढायची, एकाने स्टीमवर (कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान) गेम घ्यायचा, पासवर्ड सगळ्यांना. "पैसे मोजले ना, मग गेम आपला!" हे मी कॉलेजपासून ऐकतोय. बडोद्यातच नाही, सगळीकडे.

सीडीच्या काळात ते बरंचसं खपून जायचं. डबी हातातून हातात फिरायची. स्टीमवर मात्र आपण गेम नाही, खेळायचा परवाना घेतो, तोही एका खात्यापुरता. पासवर्ड वाटणं कराराबाहेरचं आहे.

मग वाटून खेळताच येत नाही का? येतं की. 2024 मध्ये स्टीमने 'फॅमिलीज' सोय आणली. सहा जण, प्रत्येकाचं खातं वेगळं, सेव्ह (जतन केलेला खेळ) वेगळे. स्टीमच्या वाटून खेळायच्या जुन्या पद्धतीत गेमचा मालक खेळायला बसला की पाहुण्याला उठावं लागे. आता मालक दुसरा गेम खेळत असला तर तुम्ही त्याचा हा गेम खुशाल खेळा. पण एकाच वेळी दोघांना तोच गेम हवा, तर प्रती दोन लागतात. सगळे गेम वाटताही येत नाहीत.

आणि ही सोय एका घरातल्यांसाठी आहे, नाक्यावरच्या टोळक्यासाठी नव्हे. गट सोडलात, तर त्यात सामील झाल्यापासून वर्ष भरेपर्यंत दुसरा गट नाही. सगळ्यात झोंबणारी गोष्ट: तुमच्या प्रतीवर भाऊरायाने चीट (फसवून खेळायचं सॉफ्टवेअर) वापरून बंदी ओढवली, तर त्या गेममध्ये बंदी तुमच्यावरही.