मुऱ्या मासा
मुऱ्या हा नदी-ओढ्यांच्या तळालगत राहणारा गोड्या पाण्यातील लहान मासा आहे. हे नाव एकाच जातीचे नसून नेमाकायलिडी व कोबायटिडी या दोन कुलांतील अनेक जातींना मिळून वापरले जाते. लांबी बहुधा ५ ते ८ सेंमी. असते. कर्नल विल्यम सायक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा यांतील एका जातीला ‘मूरे’ हे स्थानिक नावच शास्त्रीय नाव म्हणून दिले.

शरीराची सगळी घडण तळाला अनुसरून झालेली आहे. बहुतेक माशांना पाण्यात अधांतरी राहण्यास मदत करणारे वाताशय येथे आक्रसलेले असून त्याचा पुढचा भाग हाडांच्या कोषात बंदिस्त असतो. त्यामुळे पोहणे थांबले की मासा तळावर टेकतो आणि वाहत्या पाण्यात दगडांच्या आडोशाने स्थिर राहतो. तोंड खालच्या बाजूस असते. त्याभोवतीच्या मिशांनी चाचपून तो वाळूतील कीटकांच्या अळ्या, शेवाळ व कुजके सेंद्रिय कण टिपतो. अंगावरील गडद पट्टे व ठिपके खडीत इतके मिसळून जातात की मासा हलेपर्यंत दिसत नाही. यांपैकी कोबायटिडी कुलातील लेपिडोसेफॅलिक्थिस या प्रजातीत डोळ्याखाली उभारता येणारा दुभंगलेला काटा असतो. या प्रजातीतील काही मासे पाण्यातला प्राणवायू कमी झाल्यास पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात आणि आतड्यातून तिच्यातील प्राणवायू शोषून घेतात. उन्हाळ्यात ओढ्यांची डबकी होतात, तेव्हा या क्षमतेचे मोल मोठे असते.

खानदेशात अशा माशांना लागणारे तळ निरनिराळ्या स्वरूपांत आढळतात. सातपुड्यातून उतरणाऱ्या अनेर, गोमाई यांसारख्या नद्यांच्या वरच्या भागात बेसाल्टचे गोटे व खळाळते पाणी असते, गिरणेचे पात्र रेताड आहे, तर तापी खोल गाळाच्या मैदानातून वाहते. पांझरेवरील फड पद्धतीच्या (शेतकऱ्यांनी सामाईकपणे चालवायच्या पाटपाण्याच्या) बंधाऱ्यांमागे पाणी संथ होऊन गाळ बसतो, पण बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याने खालचे दगड धुतले जातात. एकाच नदीत थोड्या अंतरावर तळ असा पालटतो.

प्रजननाचा मुख्य काळ पावसाळा होय. अंडी खडी व वनस्पतींत विखुरली जातात आणि नर किंवा मादी त्यांची राखण करीत नाही. अंड्यांची व पिलांची सारी सुरक्षितता दगडांमधील फटींवर अवलंबून असल्याने, नुसते पाणी असून भागत नाही, तळही जिवंत असावा लागतो. म्हणूनच वाळूचा उपसा या माशांना विशेष घातक ठरतो: आसरा व अन्न दोन्ही एकदम जातात, आणि ढवळलेला बारीक गाळ खालच्या प्रवाहातील फटी बुजवतो. तापीवरील हतनूरसारख्या मोठ्या धरणाच्या जलाशयातही वाहत्या पाण्याचा खडीचा तळ गाळाखाली जातो.

मोठ्या आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यांतून मुऱ्या सहज निसटतो. त्यामुळे बाजारातील आवकेवरून त्याच्या संख्येचा अंदाज बांधणे योग्य नाही. त्याची पाहणी उथळ पाण्यात बारीक जाळी प्रवाहाला आडवी धरून, वरच्या अंगाचे दगड हलवून करावी लागते, आणि पाहणीनंतर ते दगड पुन्हा जागच्या जागी ठेवणे आवश्यक असते.