पूर्वपरिचित गीतांचा चित्रपटातील वापर
चित्रपटासाठी नव्याने न रचलेले, प्रेक्षकांच्या आधीपासून कानांवर असलेले लोकप्रिय गीत पार्श्वसंगीत म्हणून किंवा प्रसंगातच (रेडिओवर, गुत्त्यातल्या ज्यूकबॉक्सवर म्हणजे नाणे टाकून गाणे लावायच्या यंत्रावर इ.) योजण्याची पद्धत. अशा गीतांवर बव्हंशी उभारलेल्या पार्श्वसंगीतास संकलित पार्श्वसंगीत म्हणता येईल. ही पद्धत प्रामुख्याने अमेरिकन चित्रपटात रुजली.

तिच्या प्रारंभाविषयी एकमत नाही. ‘द ग्रॅज्युएट’ (१९६७) या चित्रपटात सायमन आणि गारफंकल या गायकजोडीची आधीच प्रसिद्ध झालेली गीते वापरली गेली, म्हणून काहीजण प्रारंभाचा मान त्याला देतात. तर काही अभ्यासक केनेथ अँगर यांच्या ‘स्कॉर्पिओ रायझिंग’ या साधारणतः १९६३–६४ च्या, संवाद नसलेल्या आणि तेरा लोकप्रिय गीतांवर बेतलेल्या लघुपटाकडे बोट दाखवतात. प्रत्यक्षात मूकपटांच्या काळातही चित्रपटगृहातील पियानो व ऑर्गनवादक प्रसंगाशी शाब्दिक कोटी साधेल अशा मुखड्याचे चालू गाणे वाजवीत. त्यामुळे गंभीर प्रसंगीही हशा पिके, आणि व्यावसायिक नियतकालिकांत त्याबद्दल तक्रारी छापून येत. मात्र तेथे वाजे ती चाल, ध्वनिमुद्रिका नव्हे. प्रारंभाच्या चर्चेत हा भेद पुष्कळदा निसटतो.

‘कॅसाब्लांका’ (१९४२) मधील ‘ॲज टाइम गोज बाय’ हे हर्मन हपफेल्ड यांचे १९३१ चे नाट्यगीत. ते काढून त्या जागी स्वतःची रचना घालावी, अशी संगीतकार माक्स स्टायनर यांची इच्छा होती. परंतु इन्ग्रिड बर्गमन यांनी पुढील भूमिकेसाठी केस कापल्यामुळे फेरचित्रीकरण शक्य झाले नाही, असे सांगितले जाते. अखेर स्टायनर यांनी त्याच चालीभोवती पार्श्वसंगीत विणले. वादकांच्या संपामुळे त्या वेळी नवी ध्वनिमुद्रिका निघू शकली नाही. तेव्हा रूडी व्हॅली यांची १९३१ ची जुनी तबकडीच पुन्हा बाजारात आली आणि खपली.

तबकडी स्वतःच चित्रपटाचा घटक होणे, हा निकष धरल्यास ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ (१९५५) चा दावा अधिक सबळ वाटतो. त्याच्या श्रेयनामावलीवर बिल हेली यांचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ वाजते. १९५४ मध्ये निघालेल्या या तबकडीला तोवर बेताचेच यश मिळाले होते. चित्रपटानंतर, जुलै १९५५ पासून, ती अमेरिकेत आठ आठवडे अग्रस्थानी राहिली.

‘अमेरिकन ग्राफिटी’ (१९७३) साठी ध्वनिसंयोजक वॉल्टर मर्च यांनी गीते थेट ध्वनिपट्टीवर न घेता उघड्यावर स्पीकरमधून वाजवून पुन्हा मुद्रित केली. एकाने स्पीकर हळूहळू फिरवायचा, दुसऱ्याने काही अंतरावर माइक हलवायचा, आणि या घुमऱ्या आवाजात मूळ ‘कोरडे’ (घुमारा नसलेले) ध्वनिमुद्रण प्रसंगानुसार कमीजास्त मिसळायचे, अशी ही रीत होती. त्यामुळे शेजारून जाणाऱ्या मोटारीतला रेडिओ आणि पार्श्वसंगीत यांतील सीमारेषा पुसट झाली.

चाल आणि ध्वनिमुद्रण यांचा हाच भेद परवान्यांतही दिसतो : रचनेसाठी प्रकाशकाची, तर विशिष्ट ध्वनिमुद्रणासाठी ध्वनिमुद्रण कंपनीची अनुमती लागते, आणि दुसरी न मिळाल्यास तेच गाणे दुसऱ्या गायकाकडून गाऊन घ्यावे लागते. ‘ईझी रायडर’ (१९६९) मध्ये ‘द वेट’ हे गीत द बँड या वृंदाच्या आवाजात ऐकू येते. त्याच्या ध्वनिमुद्रिका-संचात (चित्रपटातील गीतांच्या, विक्रीसाठी काढलेल्या तबकडीत) मात्र, हक्कांच्या अडचणीमुळे, ते स्मिथ या वृंदाने गायिलेले आहे. चित्रपटाला एक परवाना आणि संचाला दुसरा, असा हा व्यवहार असल्याने तबकडी विकत घेणाऱ्या प्रेक्षकाच्या हाती कित्येकदा भलताच आवाज पडे.

भारतात लोकप्रिय गीत हे बहुतांशी चित्रपटगीतच असल्याने नवा चित्रपट जुन्या चित्रपटाकडूनच उसनवारी करतो. ‘दम लगा के हैशा’ (२०१५) मधला कॅसेटचे दुकान चालवणारा आणि कुमार सानूंचा भक्त असलेला नायक हे याचे ठळक उदाहरण होय.