चार मीटरची चाल: आम्ही कशी मोजतो आणि कशासाठी

आमच्या फिजिओथेरपी केंद्रात पहिल्यांदा येणाऱ्या साठीपुढच्या प्रत्येकाला आम्ही व्यायाम सुरू करण्याआधी जरा चालून दाखवायला सांगतो. फरशीवर चिकटवलेल्या दोन रंगीत पट्ट्या, त्यांच्यामध्ये ४ मीटर अंतर आणि आमच्या हातात स्टॉपवॉच, एवढंच. "इतकंसं चालून काय कळणार?" असं बरेच जण विचारतात. त्यांच्यासाठी हे पत्रक.

चालताना पायांचे स्नायू, सांधे, तोल, नजर, हृदय, फुप्फुसं आणि मेंदू असे सगळे एकदम कामाला लागतात. त्यातलं एखादं थकलं की चाल मंदावते, पण इतकी हळूहळू की घरच्यांच्याही लक्षात येत नाही. आईसोबत भाजी आणायला जाणारी मुलगी नकळत आपलाच वेग कमी करत जाते. मोजून लिहून ठेवलेला आकडा असला तर हा फरक दिसतो.

२०११ साली अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्या ३४,४८५ लोकांची माहिती एकत्र करून अभ्यास झाला. चालण्याचा वेग आणि पुढे किती वर्षं आयुष्य लाभलं, यांचा स्पष्ट संबंध त्यात आढळला. पण म्हणून उद्यापासून धावतपळत चालायला लागू नका. मंद चाल ही खूण आहे, तिचं कारण शोधून त्यावर काम करायचं असतं.

हिशेब सोपा आहे. ४ मीटरला ५ सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.८ मीटर, ४ सेकंद लागले तर १ मीटर. स्नायूंची झीज तपासताना युरोपातले तज्ज्ञ ०.८ किंवा त्याहून कमी वेगाला धोक्याची खूण मानतात. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये १ मीटरपेक्षा कमी ही मर्यादा ठरवली, पण ती ६ मीटर चालवून. रोजच्या जगण्यात याचा अर्थ काय? रस्ता ओलांडण्याच्या सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं सहसा धरलं जातं. १२ मीटर रुंद रस्त्याला त्या हिशेबाने १० सेकंद पुरतात. ०.८ च्या चालीला १५ लागतात. ते ५ सेकंद आजोबा रस्त्याच्या मधोमध असतात.

अंतर कमी असल्यामुळे लहानशी चूकही मोठी ठरते. घड्याळ थांबवायला पाव सेकंद उशीर झाला, तर १ मीटरचा वेग ०.९४ दिसतो. हीच चूक १० मीटरवर झाली तर ०.९८ दिसेल. म्हणून आम्ही दोनदा चालवतो, सरासरी काढतो आणि शक्यतो दर वेळी घड्याळ आमच्यातल्या एकाच माणसाच्या हाती देतो. पहिल्या पट्टीच्या २ मीटर आधीपासून चालायला सुरुवात करायची आणि दुसऱ्या पट्टीच्या २ मीटर पुढे जाऊन थांबायचं, म्हणजे वेग घेणं आणि थांबणं मोजणीत येत नाही. सुरुवातीच्या काळात आम्ही एका काकांना एकदा जागेवर उभं करून आणि पुढच्या वेळी चालत्या सुरुवातीने मोजलं. सुधारणा झाली म्हणून त्यांना आनंदाने सांगितलंही. खरं तर बदलली होती फक्त आमची पद्धत. तेव्हापासून प्रत्येकाच्या कार्डावर पद्धतही लिहिली जाते. तशाच पद्धतीने मोजून ०.१ चा फरक पडला, तर तो आम्ही खरा धरतो. ०.०२, ०.०३ ने खूश होऊ नका, खचूही नका.

घरी मोजायचं असेल तर टेप घ्या, लाद्या मोजू नका. ६० सेंटिमीटरच्या सात लाद्या म्हणजे ४.२ मीटर होतात. फोनच्या नकाशावर तर मुळीच विसंबू नका, त्याची जागा कळण्यातली चूकच काही मीटरची असते. काही फोन खिशात ठेवल्यावर चालीचा वेग आपोआप नोंदवतात, पण साडीला खिसा नसतो आणि पिशवीतल्या फोनच्या आकड्यावर आमचा भरवसा नाही. मोजणाऱ्याने पुढे किंवा बरोबरीने चालू नये, अर्धं पाऊल मागे राहावं. चालणाऱ्याशी बोलूही नये.

येताना रोजच्याच चपला किंवा बूट घाला. काठी किंवा वॉकर वापरत असाल तर तो घेऊनच या, लाजून गाडीत ठेवू नका. साडी नेसलेल्या मावशींनी निऱ्या पायात येणार नाहीत एवढं पाहावं. चाला मात्र देवळात जाता तसं, आम्हाला दाखवायला म्हणून भरभर नको. त्या दिवशी चक्कर, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर आम्ही चाचणी घेणार नाही, आधी तुमच्या डॉक्टरांना भेटा. चाल काही दिवसांतच एकदम मंदावली असेल, तरीही आधी डॉक्टरांकडेच जा.

पुढची मोजणी तीन महिन्यांनी. कार्ड घरी जपून ठेवा आणि येताना आणा, कारण आधीच्या आकड्याशिवाय नव्या आकड्यावरून आम्हाला फारसं काही सांगता येत नाही.